विचारलं होतंस का?

आधी एक खुलासा. माझं खंडाळा लोणावळ्याच्या शेजारचं नाही. धबधब्यांचं, चिक्कीचं, गाण्यातलं खंडाळा ते वेगळं. आमचं सातारा जिल्ह्यातलं. पुण्याहून साताऱ्याकडे निघालात की शिरवळनंतर लागतं आणि खंबाटकीचा घाट सुरू झाला की मागे पडतं. बहुतेकांनी ते गाडीच्या काचेतूनच पाहिलेलं असतं. आमच्याकडे बर्फ म्हणजे हायवेच्या रसवंतीवर पोत्यात गुंडाळून ठेवलेली लादी. अशा गावच्या माणसाने आइस स्केटिंगवर लिहावं हे जरा अतीच आहे. पण मला बर्फावर कमी आणि बर्फाच्या कडेला मोबाइल उगारून उभ्या राहणाऱ्यांवर जास्त लिहायचंय. त्या रांगेत मीही होतो.

माझं म्हणणं सरळ आहे. खेळणाऱ्या माणसाचा, विशेषतः मुलीचा, फोटो किंवा व्हिडिओ तिला न विचारता काढायचा आणि जगासमोर टाकायचा, याला छंद म्हणणं आपण बंद करू या. ही उचलेगिरी आहे. तिची किंमत उचलणारा भरत नाही, जिचं उचललं ती भरते. मी हे कुठे वाचून सांगत नाहीये. मी ते केलंय.

तीन वर्षांपूर्वीची दिवाळी. मामाच्या घरी सगळे जमलेलो. माझी मामेबहीण तेव्हा सातवीत होती. शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर एक सर रविवारी स्केटिंग शिकवायचे, तिथे ती जायची. पुण्याच्या कुणाच्या तरी मुलीचे वापरलेले इनलाइन स्केट्स मामाने तिला आणून दिलेले. त्या दिवशी सकाळी आम्ही सर्व्हिस रोडच्या एका बंद तुकड्यावर गेलो. ती वाकून, एक हात पाठीवर ठेवून, अशी काही गेली की मी बघतच राहिलो. म्हणजे तसं मला आता वाटतं. खरं तर मी तेव्हा बघत नव्हतो, स्लो मोशनमध्ये शूट करत होतो. वळणावर ती घसरली, बसली, हसली आणि पुन्हा उठली. तेही शूट केलं. घरी येईपर्यंत रील टाकून झालेलं होतं. तिला विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. बहीणच तर आहे.

दोन दिवसांनी जिल्ह्यातल्या एका मीमवाल्या पेजने ते रील उचललं. पडण्याचा तुकडा तीनदा लावला, वर एक गाणं, खाली एक फालतू पंच. खालच्या कमेंट्स मी इथे लिहीत नाही. मुलगी तेरा वर्षांची होती एवढंच सांगतो. तिसऱ्या दिवशी मामाला त्याच्या तालमीतल्या एका मित्राने व्हिडिओ दाखवला. मामा घरी आला, एकच वाक्य बोलला. "लई झालं, उद्यापासनं चाकं बंद." स्केट्स माळ्यावर गेले.

मला कुणी काही बोललं नाही. मामीने जेवायला वाढलं, मामाने नोकरीची चौकशी केली. शिक्षा तिला झाली. माझा फोन माझ्याकडेच राहिला.

हे मी तेव्हा "लोक किती घाण असतात" या खात्यात टाकून मोकळा झालो. पेजवाले घाण, कमेंटवाले घाण, मामा मागासलेला. मी मात्र आपल्या बहिणीचं कौतुक करणारा, पुढारलेला दादा. हा हिशेब चुकीचा आहे हे कळायला मला दिल्लीजवळच्या एका मॉलमधल्या बर्फावर जावं लागलं.

कंपनीने आठ महिन्यांसाठी तिकडे पाठवलं होतं. शनिवारी करायला काही नसायचं. पहिल्यांदा रिंक बघितली तेव्हा बाहेर बेचाळीस अंश तापमान होतं आणि आत लोक जॅकेट घालून घसरत होते. इंजिनिअर माणूस, त्यामुळे आधी यंत्रणाच शोधली. काँक्रीटच्या तळाखाली नळ्यांचं जाळं, त्यातून शून्याच्या बरंच खाली थंड केलेलं द्रावण फिरतं आणि वर पाण्याचे पातळ थर एकावर एक गोठवत जेमतेम तीन-चार सेंटिमीटर बर्फ तयार करतात. बर्फ पारदर्शक असतो. रिंक पांढरी दिसते कारण खालच्या थराला पांढरा रंग दिलेला असतो. दर थोड्या वेळाने एक गाडी येऊन वरचा खरवडलेला थर तासते आणि मागून गरम पाणी सोडते. फ्रँक झांबोनी नावाच्या माणसाने ती १९४९ साली कॅलिफोर्नियात बनवली, म्हणून जगभर तिला त्याच्याच नावाने ओळखतात. आणि यंत्राने गोठवलेली पहिली रिंक लंडनमध्ये १८७६ साली झाली. म्हणजे ही काही कालची जादू नाही.

आपल्याकडे मात्र ती अजून जादूच आहे. शिमल्याची रिंक १९२० पासूनची, पण ती उघड्यावरची, थंडीच्या भरवशावर चालणारी. डेहराडूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी मोठी बंदिस्त रिंक बांधली. पुण्या-मुंबईची मुलं वर्षभर डांबरावर आणि सिमेंटवर चाकांचे स्केट्स घालून घाम गाळतात, बर्फासाठी उत्तरेकडची गाडी पकडतात आणि तरीही खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांमध्ये लेहच्या बर्फावरून महाराष्ट्रासाठी पदकं घेऊन येतात. बाकी जो काही बर्फ आहे तो बहुतेक मॉलमध्ये. ही गोष्ट महत्त्वाची आहे. स्टेडियममध्ये बघायला येणारा माणूस खेळ बघायला येतो. मॉलच्या कठड्याशी उभा माणूस शर्ट घ्यायला आलेला असतो. त्याला खेळातलं काही कळत नाही. त्याला फक्त पडणं कळतं. कुणी पडलं की दहा मोबाइल वर येतात.

मी अकरावा. फक्त माझ्याकडे मोबाइलऐवजी कॅमेरा होता, त्यामुळे मी स्वतःला वेगळा समजायचो.

बर्फावर फोटो काढणं अवघड आहे आणि अवघड गोष्टीचा माज चढतो. एवढं पांढरं बघून कॅमेऱ्याचं मीटर फसतं. त्याला वाटतं उजेड फार झाला, म्हणून ते सगळं अंधारं करतं. बर्फ राखाडी येतो, चेहरे काळे पडतात. मग एक्स्पोजर मुद्दाम वाढवावं लागतं. उडी पकडायची तर शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाहून जलद हवं. फ्लॅश चालत नाही, खेळणाऱ्याच्या डोळ्यांवर येतो. मोबाइलचा तर वेगळाच गोंधळ. तो एका फोटोसाठी अनेक फ्रेम घेतो आणि त्या जोडतो. गरकन फिरणाऱ्या माणसाचा अशा जोडकामात चिखल होतो. सलग फोटो काढले तर त्यातून "सर्वांत चांगला" तोच निवडतो. चांगला म्हणजे डोळे उघडे, चेहरा समोर. पाय कुठे आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. हे सगळं शिकत मी चार शनिवार घालवले. एका स्केटरचे तर शेकड्याने फोटो काढले. कॉलेजातली असावी. रोज ठरल्या वेळी यायची, कडेच्या कोपऱ्यात एकच उडी पुन्हा पुन्हा मारायची.

पाचव्या शनिवारी ती सरळ कठड्याशी येऊन थांबली. "कितने निकाले? दिखाइए."

मी कॅमेरा दिला. दुसरं काय करणार. ती एकेक फोटो बघत गेली. मला वाटलं होतं, केस बघेल, चेहरा बघेल. ती पाय बघत होती. मोठा करून, बुटाखालचं पातं बघत होती. तिने मला दाखवलं. पात्याला दोन कडा असतात, आतली आणि बाहेरची, मधे खाच. तिची उडी होती लुट्झ. ती मागे जाताना बाहेरच्या कडेवरून घ्यावी लागते. शेवटच्या क्षणी पाय आत कलंडला की उडी दिसायला तीच, पण पंच गुण कापतात. माझ्या सहा फोटोंमध्ये तिचा पाय कलंडलेला स्पष्ट दिसत होता. मी ते सहाही फोटो "फेल" म्हणून काढून टाकणार होतो, कारण त्यात तिचा चेहरा पलीकडे होता.

मग माझा सर्वांत आवडता फोटो आला. हात पसरलेले, मान वर, ओठ फाकलेले, मागून दिव्याचा उजेड. मी तो फोनचा वॉलपेपर केला होता, हे मी तिला सांगितलं नाही. ती म्हणाली, हा उडवा. यात माझा घोटा ठणकत होता, मी दात आवळलेत. तुम्हाला मी हसतेय असं वाटलं का?

हो. मला तसंच वाटलं होतं. चार आठवडे मी त्या दुखण्याकडे आनंद म्हणून बघत होतो.

तिने सहा ठेवायला सांगितले, बाकीचे माझ्यासमोर पुसले आणि म्हणाली, फोटो काढायचेच असतील तर सकाळी सातला या, गर्दी नसते, त्या कोपऱ्यात खाली बसा, फक्त पायाचे काढा, मला उपयोग होईल. पुढचे तीन महिने मी तेच केलं. माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले फोटो ते आहेत. ते तुम्ही पाहिलेले नाहीत आणि पाहणारही नाही. ते तिचे आहेत.

आता यावर जे म्हटलं जातं ते मला पाठ आहे, कारण ते मीच म्हणायचो.

पहिलं. "सार्वजनिक जागा आहे, कायदा काय म्हणतो?" कायद्याचं ऐकायचंच असेल तर पूर्ण ऐका. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ साली सांगितलं आणि माणूस चार लोकांत आला म्हणून त्याचा खासगीपणा संपत नाही, असंही त्या निकालात मांडलं गेलं. पण समजा, कठड्यावरून काढलेला फोटो कुठल्याही कलमात बसत नाही. मग? एसटीत शेजारच्याच्या मोबाइलमध्ये डोकावणंही कुठल्या कलमात बसत नसेल. आपण तरी मान वळवतोच ना?

दुसरं. "मग असे कपडे घालायचेच कशाला?" हे तर खेळाचं अज्ञान आहे. वेगाच्या शर्यतीतला अंगाबरोबरचा सूट हवेचा अडथळा कमी करण्यासाठी असतो. आणि फिगर स्केटिंगमध्ये स्पर्धेत बायकांनी स्कर्टच घालायचा हा नियमच होता. २००४ साली आंतरराष्ट्रीय संघटनेने तो काढला, तेव्हा कुठे त्यांना पूर्ण पायांचा पोशाख घालण्याची मुभा मिळाली. म्हणजे आधी नियम करून घालायला लावायचं आणि मग घातलं म्हणून बोलायचं. पैलवानाच्या लंगोटावर कुणी असा प्रश्न विचारल्याचं आमच्या सातारा-सांगलीकडे तरी मी ऐकलेलं नाही.

तिसरं. "विचारलं की सहजता जाते. रस्त्यावरची फोटोग्राफी ही कला आहे." हा युक्तिवाद मला सर्वांत जास्त आवडायचा, कारण त्यात मी कलाकार ठरायचो. मी मान्य करतो की मोर्चा, दंगल, बाजार, यात्रा इथे दरवेळी विचारत बसता येत नाही आणि तिथले न विचारता काढलेले काही फोटो नसते तर आपल्याला आपला इतिहासच दिसला नसता. पण रिंक म्हणजे मोर्चा नाही. तिथली मुलगी दोन तास तिथेच आहे. तिला बूट काढायला बाकावर यावंच लागतं. तेव्हा विचारायला काय हरकत आहे? हरकत एकच असते. ती नाही म्हणेल. त्या नकाराला घाबरून आपण जे करतो त्याला सहजता म्हणायचं असेल तर म्हणा, कला मात्र म्हणू नका.

चौथं. "अहो, खेळाला प्रसिद्धी हवी, रील्समुळेच स्पॉन्सर येतात." डेहराडूनच्या रिंकचं बघा. २०११ च्या स्पर्धांच्या वेळी तिथे फोटोंना काय तोटा होता? त्यानंतर विजेचा आणि देखभालीचा खर्च झेपेना, म्हणून ती वर्षानुवर्षं बंद पडून राहिली. २०२५ मध्ये पुन्हा उघडली आणि त्याच ऑगस्टमध्ये तिथे आशियाई शॉर्ट ट्रॅक स्पर्धा झाली. रिंक लाइकवर गोठत नाही. तिला वीज लागते, माणसं लागतात, कुणीतरी वर्षभर बिल भरावं लागतं. पडलेल्या मुलीच्या रीलमुळे कुठल्या रिंकचं बिल भरलं गेलंय ते दाखवा. आणि खरंच प्रसिद्धी द्यायची असेल तर खेळाडूला विचारा, कोणता फोटो टाकू. तिच्याकडे उत्तर असतं.

आता माझ्या व्यवसायाबद्दल. मी ॲप्स बनवतो. तुमच्या फोनमध्ये एखादं ॲप कॅमेरा उघडू पाहतं तेव्हा फोन आधी विचारतो, परवानगी द्यायची का? एकदाच, नेहमी, की कधीच नाही? हे विचारणं आम्ही काळजीपूर्वक बांधतो, टेस्ट करतो, ते चुकलं तर ॲप स्टोअर आमचं ॲप परत पाठवतं. पण ही सगळी परवानगी फोनच्या मालकाची आहे. भिंगाच्या पुढे जी उभी आहे तिला विचारणारी एकही चौकट आम्ही बनवलेली नाही. फोन मला विचारतो, मी तिला विचारत नाही. ती चौकट कुठलीही कंपनी बनवणार नाही, कारण तिने शेअर करण्याचा वेग कमी होतो. म्हणून ते काम आपल्या तोंडाने करावं लागेल.

आणि शेवटचा युक्तिवाद, जो कठड्यावरचे नाही, घरातले करतात. "म्हणून तर म्हणतो, मुलींनी हे असलं खेळूच नये." माझा सगळ्यात जास्त राग यावर आहे. रील टाकणारा आणि स्केट्स माळ्यावर टाकणारा एकमेकांना शिव्या देतात, पण दोघं मिळून एकच काम करतात. एक तिला तमाशा करतो, दुसरा तिला घरात बसवतो. दोघांपैकी कुणीही तिला विचारत नाही.

सावित्रीबाईंचं नायगाव आमच्याच तालुक्यात. ३ जानेवारीला तिथे पाय ठेवायला जागा नसते. आम्ही सगळे जातो, पुतळ्यासमोर फोटो काढतो, स्टेटसला लावतो. त्या शाळेत जाताना लोक त्यांच्या अंगावर शेण-चिखल टाकायचे आणि त्या बदलायला दुसरं लुगडं सोबत न्यायच्या, ही गोष्ट आमच्याकडे पहिलीतल्या पोरालाही ठाऊक आहे. ती ऐकून "मग त्यांनी घरीच बसायला हवं होतं" असं आज तालुक्यात एकही माणूस म्हणणार नाही. मग सर्व्हिस रोडवरच्या पोरीच्या बाबतीत आम्ही नेमकं तेच का म्हटलं? तिच्यावर चिखल टाकणारे हात यावेळी आमच्या घरातले होते, म्हणून?

माझी मागणी फार नाही. फोटो काढण्याआधी किंवा काढल्यावर लगेच, विचारा. काढलेला दाखवा. पुसायला सांगितला तर तिच्यासमोर पुसा, "रिसेंटली डिलीटेड"मधूनही पुसा. मूल अठराच्या आतलं असेल तर त्याला विचारा आणि त्याच्या घरच्यांनाही विचारा, मग ते तुमचं सख्खं भाचरू का असेना. स्केटिंगचे वर्ग चालवणाऱ्यांनी प्रवेशाच्या फॉर्मवर एक ओळ वाढवावी, फोटो कोण काढणार आणि कुठे टाकणार याची. आणि ज्यांच्या पोरीचा व्हिडिओ फिरतोय त्यांनी आधी व्हिडिओ टाकणाऱ्याला फोन लावावा. स्केट्सना हात लावू नये.

गेल्या महिन्यात खंडाळ्याला गेलो होतो. मामेबहीण आता दहावीत आहे. तीन वर्षांनी पहिल्यांदा तिच्याशी त्या रीलबद्दल बोललो, माफी मागितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दादा, तू विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं नसतं. फक्त म्हटलं असतं, थांब, गुडघ्याचं पॅड नीट लावू दे. ते सुटलं होतं, म्हणून तर पडले."

मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला असेल. पॅड सुटलेलं मला दिसलं नव्हतं.

माळ्यावरचे स्केट्स काढून बघितले. तिचा पाय दोन नंबरांनी वाढलाय. मी म्हटलं, नवे घेतो. ती म्हणाली, "आधी बाबांशी बोल." त्या रात्री मामाला मी पहिल्यांदा सांगितलं, की ते रील माझ्या फोनमधून गेलं होतं आणि तिला त्यातलं काही माहीत नव्हतं. मामाला हे ठाऊक होतं की नव्हतं ते त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. तो सुपारी कातरत होता. खूप वेळाने म्हणाला, "दहावी होऊ दे. मग बघू."

एप्रिलमध्ये मी परत विचारणार आहे. तोवर तुम्ही तुमच्या फोनची गॅलरी उघडा आणि मोजा, त्यातल्या किती जणींना विचारलं होतंत.